नदी आणि बांध यांमधील अंतर : ह्वांग-हो नदीच्या इतिहासातील एक दीर्घ वाद

१

पुरापासून वस्तीचे रक्षण करण्यासाठी नदीच्या काठाने मातीचा बांध घालणे हा उपाय फार प्राचीन आहे. बांध किती उंच असावा, त्याचा पाया किती रुंद असावा, त्यास कोणती माती वापरावी, याविषयी निरनिराळ्या देशांतील स्थापत्यज्ञांनी विपुल लेखन केले आहे. त्या मानाने बांध नदीपासून किती दूर असावा, हा प्रश्न पुष्कळदा दुय्यम समजला गेला. जागा मिळेल तेथे, किंवा वाचवावयाचे गाव जेथे असेल तेथे, बांध घातला जाई. अलीकडे काही देशांत जुने बांध फोडून ते नदीपासून मागे नेण्यात येऊ लागले, तेव्हा हा प्रश्न नव्याने पुढे आला. वस्तुतः तो नवा नाही. चीनमधील ह्वांग-हो, म्हणजे पीत नदी, हिच्या संदर्भात या प्रश्नावर दोन हजार वर्षे लेखी वाद झाला आहे. त्या वादाची मुख्य स्थित्यंतरे पाहून त्यातून निघणाऱ्या एका निष्कर्षाकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी प्रारंभीच थोडे स्पष्टीकरण केले पाहिजे. महाराष्ट्रातील नद्या बहुतांशी खोल पात्रांतून वाहतात. त्यांच्या दोन्ही काठांनी शेकडो कोस बांध घालण्याची परंपरा येथे नाही. म्हणून मराठीत त्यासाठी स्वतंत्र रूढ शब्दही नाही. मराठीतील ‘बांध’ मुख्यतः शेताच्या हद्दीचा, ‘बंधारा’ आणि ‘धरण’ प्रवाहाला आडवे. येथे ‘बांध’ हा शब्द प्रवाहास समांतर असलेल्या पूररक्षक बांधासाठी योजला आहे. उलट, नदी ओसरल्यावर काठाशी जी गाळाची सुपीक जमीन उघडी पडते तिला मराठीत ‘मळई’ हा नेमका शब्द आहे, आणि पाणी हटल्यावर अशा ओल्या जमिनीत केलेल्या पेरणीला ‘गाळपेर’ म्हणतात. हे दोन शब्द पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडतील. कारण ह्वांग-होच्या बांधांचा इतिहास हा बऱ्याच अंशी मळईचा इतिहास आहे.

२

ह्वांग-हो आपल्या मध्यप्रवाहात लोएस नावाच्या पिवळट, भुसभुशीत मातीच्या विस्तीर्ण पठारातून वाहत येते. ही माती पावसाने सहज धुपते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही नदी वर्षाकाठी सरासरी सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून आणीत असे. डोंगराळ मुलूख सोडून नदी उत्तर चीनच्या मैदानात शिरली की उतार कमी होतो, वेग मंदावतो आणि गाळ खाली बसू लागतो. बांध नसते, तर हा गाळ सर्व मैदानभर पसरला असता. ते मैदान मुळात अशाच गाळाने तयार झाले आहे. दोन्ही बाजूंनी बांध घातल्यामुळे गाळ त्या दोन बांधांमधील पट्ट्यातच साचतो. पात्राचा तळ वर येतो. तळ वर आला म्हणून बांध उंचवावे लागतात. बांध उंचावले म्हणून गाळ अधिक थरांनी साचतो. या क्रमाचा परिणाम असा, की खालच्या टप्प्यात नदीचे पात्र भोवतालच्या जमिनीपेक्षा साधारणतः तीन ते पाच मीटर, आणि काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत, उंच आहे. चिनी भाषेत अशा नदीस ‘शुआन-हो’, म्हणजे ‘टांगलेली नदी’, म्हणतात. या नदीचे बांध सुमारे अडीच हजार वर्षांत दीड हजारांहून अधिक वेळा फुटले आणि तिने सव्वीस वेळा आपला मार्ग बदलला, अशी परंपरागत गणती आहे.

३

बांधाच्या अंतराविषयीचा सर्वांत जुना उपलब्ध विचार इ. स. पूर्व ७ च्या सुमाराचा आहे. हान वंशातील सम्राट आय याने नदीच्या बंदोबस्ताविषयी जाणत्यांकडून मते मागविली, तेव्हा चिया रांग नावाच्या अधिकाऱ्याने एक निवेदन सादर केले. बान कू याच्या ‘हान-शू’ या इतिहासग्रंथातील कालव्यांविषयीच्या प्रकरणात ते समाविष्ट आहे. या निवेदनाचे महत्त्व दुहेरी आहे : त्यात बांधांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासावरून काढलेले धोरणही आहे.

चिया रांगचे ऐतिहासिक कथन असे आहे. जुन्या काळी राज्ये परस्परांशी लढत होती, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या सोयीसाठी बांध घातले. छी हे राज्य सखल भागात होते. त्याने नदीपासून २५ ली अंतरावर बांध घातला. त्यामुळे पुराचे पाणी पश्चिमेकडे चाओ आणि वेइ या राज्यांवर लोटू लागले, म्हणून त्यांनीही आपल्या बाजूस २५ ली अंतर राखून बांध घातले. हान काळातील एक ली सुमारे ४१५ मीटरांचा धरला, तर दोन बांधांमध्ये जवळजवळ वीस किलोमीटरांचा पट्टा मोकळा होता. एवढ्या पट्ट्यात नदीस इकडेतिकडे सरकावयास वाव होता. परंतु पूर ओसरला की मागे उत्तम गाळ राही. लोकांनी त्या मळईत पेरणी केली. काही वर्षे पूर आला नाही, तेव्हा तेथे घरे बांधली, पुढे गावे वसली. मोठा पूर आला तेव्हा ती बुडाली. मग त्या गावांनी स्वतःच्या रक्षणासाठी बांधांच्या आत, नदीच्या अधिक जवळ, नवे बांध घातले. हा क्रम पुनःपुन्हा घडून चिया रांगच्या काळापर्यंत काही जागी बांध नदीपासून अवघ्या काही शे पावलांवर येऊन ठेपले होते.

यावर त्याने तीन उपाय प्रतवारीने सुचविले. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे नदीच्या वाटेत आलेली ची प्रांतातील वस्ती हलवून, बांध फोडून, नदीस उत्तरेकडे मोकळी वाट देणे. मध्यम उपाय म्हणजे अनेक कालवे काढून पाणी विभागणे व त्यावर शेती भिजविणे. कनिष्ठ उपाय म्हणजे आहेत तेच बांध उंचावीत व दुरुस्त करीत राहणे. पहिल्या उपायावर येणारा आक्षेप त्यास ठाऊक होता : शहरे, शेते, घरे आणि पूर्वजांची थडगी नष्ट होतील. त्यास त्याने हिशेबाने उत्तर दिले. काठावरील दहा परगणे बांधांच्या दुरुस्तीवर दरसाल जी प्रचंड रक्कम खर्च करीत आहेत, तिच्या काही वर्षांच्या बेरजेत विस्थापितांना नवी जमीन व चरितार्थाचे साधन देता येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. पुरामुळे होणारे नुकसान, बांधांचा आवर्ती खर्च आणि पुनर्वसनाचा एकवार खर्च यांची तुलना दोन सहस्र वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने अशी मांडावी, ही गोष्ट खरोखर लक्षणीय आहे.

४

चिया रांगची सूचना अमलात आली नाही. इ. स. ११ मध्ये नदीने बांध फोडून मार्ग बदलला. त्या वेळी सिंहासनावर असलेल्या वांग मांग याने ते भगदाड बुजविण्याची तसदी घेतली नाही. कारण प्रवाह पूर्वेकडे वळल्याने युआन-छंग येथील त्याच्या पूर्वजांच्या थडग्यांस असलेला धोका टळला होता. ज्या थडग्यांचा दाखला देऊन प्रजेस हलविता येत नाही असे म्हटले जात होते, त्यांपैकी राजकुलाची तेवढी वाचली. नदी मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मोकाट राहिली. इ. स. ६९ मध्ये वांग चिंग या स्थापत्यज्ञाच्या देखरेखीखाली लाखो मजूर लावून हजार लीहून अधिक लांबीचे नवे बांध घालण्यात आले. त्यानंतर नदी अनेक शतके तुलनेने शांत राहिली.

या शांततेचे श्रेय परंपरेने वांग चिंगच्या बांधांस दिले जाते. इतिहासभूगोलाचे अभ्यासक थान छी-श्यांग यांनी १९६२ साली एक वेगळी उपपत्ती मांडली. हान साम्राज्य दुर्बल झाल्यावर मध्यप्रवाहातील पठारावरून शेतकरी मागे हटले व तेथे पशुपालक टोळ्या आल्या. नांगरट थांबल्याने गवत वाढले आणि धूप कमी झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. या उपपत्तीवर पुढे बरीच चर्चा झाली. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र अभ्यासकांच्या ध्यानात पक्की बसली : बांधाचे यशापयश केवळ बांधापाशी ठरत नाही. वरून किती गाळ येतो आणि खाली तो पसरण्यास किती जागा आहे, या दोहोंच्या मेळावर ते अवलंबून असते.

५

या वादातील दुसरा पक्ष समर्थपणे मांडला तो मिंग काळातील पान ची-श्युन (१५२१–१५९५) याने. नद्यांचा सर्वाधिकारी म्हणून त्याची चार वेळा नियुक्ती झाली होती. पाणी अनेक फाट्यांत विभागले की वेग मंदावतो व प्रत्येक फाट्यात गाळ बसतो. उलट पाणी एकाच अरुंद पात्रात आवळले की वेग वाढतो व प्रवाह स्वतःच तळ खरवडून गाळ समुद्रास नेतो, हे त्याचे मुख्य सूत्र. जलगतिशास्त्राच्या दृष्टीने त्यात मोठे तथ्य आहे. त्या काळी नदी दक्षिणेकडे वळून ह्वाय नदीच्या मार्गाने समुद्रास मिळत होती आणि राजधानीस धान्य पोहोचविणारा महाकालवा तिला छेदून जात होता. नदीस वाटेल तशी पसरू देणे राज्यास परवडणारे नव्हते, ही पार्श्वभूमीही ध्यानात घेतली पाहिजे.

पान ची-श्युन यास सामान्यतः अरुंद बांधांचा पुरस्कर्ता म्हणून ओळखतात. त्याची परिभाषा पाहिली असता हे वर्णन अपुरे ठरते. त्याने बांधांचे निरनिराळे प्रकार नावानिशी वेगळे केले आहेत. ‘ल्यु-ती’ म्हणजे पात्राच्या अगदी लगतचा बांध; ‘ल्यु’ या शब्दाचा अर्थ सूत किंवा धागा. ‘याओ-ती’ म्हणजे दूरचा बांध. या दोहोंना जोडणारे आडवे बांध ते ‘को-ती’, आणि धोक्याच्या जागी पाठीमागे घातलेले चंद्रकोरीच्या आकाराचे बांध ते ‘युए-ती’. सूतबांधाने नेहमीच्या पाण्यास आवळून वेग द्यावा. असाधारण पुरात तो फुटला वा ओलांडला गेला, तर दूरबांधाने पाणी अडवावे. मधल्या आडव्या बांधांनी ते पाणी दूरबांधाच्या पायथ्याने धावू न देता तेथेच स्थिर करावे, म्हणजे गाळ तेथे बसून पाणी निवळते व पुन्हा पात्रात उतरते. अर्थात जवळचा बांध आणि दूरचा बांध हे त्याच्या योजनेत एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हते. एक गाळासाठी होता, दुसरा पुरासाठी.

उत्तरकालीन अधिकाऱ्यांनी त्याच्या सूत्रातील पहिला अर्धा भाग विशेष उचलला. आवळण्याच्या कामाची दृश्य प्रचीती लगेच येत असे. दूरबांधाआतील जागा मोकळी राखण्याच्या कामाचा उपयोग मात्र पन्नास वर्षांतून एकदा दिसणार, आणि तोवर त्या जागेवर गहू डोलत असणार. शिवाय मुखाशी गाळ साचून किनारा समुद्रात पुढे सरकत होता, त्यामुळे नदीची लांबी वाढून उतार आणखी कमी होत होता. १८५५ साली थुंग-वा-श्यांग येथे उत्तरेचा बांध फुटला आणि नदी शांतुंगमार्गे पोहाय आखातास मिळू लागली. राज्य त्या वेळी बंडाळीत गुंतले होते. नव्या मार्गावर प्रथम गावकऱ्यांनी आपापल्या शेतांलगत बांध घातले; सरकारचे मोठे बांध नंतर, त्यांच्या पाठीमागे, आले. साहजिकच दोहोंमध्ये पुष्कळ गावे अडकली. चिया रांगने वर्णिलेली स्थिती नव्या पात्रावर पुन्हा अवतरली.

६

विसाव्या शतकात या वादात पाश्चात्त्य स्थापत्यज्ञ उतरले. अमेरिकन अभियंता जॉन फ्रीमन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सरळ व अरुंद पात्राचा पुरस्कार केला. हॅनोव्हर येथील प्राध्यापक ओटो फ्रांत्सियुस यांचे मत तसेच होते : बांध फार दूर असल्यामुळेच प्रवाह भरकटतो व तळ वर येतो. त्यांचे ज्येष्ठ, ड्रेस्डेनचे हुबर्ट एंगेल्स यांनी याच्या उलट प्रतिपादन केले. दोष बांधांच्या अंतरात नाही. मध्यम पाण्याच्या वेळी प्रवाहास स्थिर पात्र नाही, हा खरा दोष आहे. मधले पात्र स्थिर करावे, बांध मात्र दूरच ठेवावेत, असे ते म्हणत. हा मतभेद पडताळून पाहण्यासाठी बव्हेरियातील ओबेरनाख येथे १९३२ व १९३४ साली मोठ्या प्रतिकृतीवर प्रयोग करण्यात आले. बांध जवळ आणल्याने तळ अधिक खोल जातो ही अपेक्षा त्यांत सिद्ध झाली नाही. रुंद पूरमैदानावर गाळ पसरतो व मुख्य पात्र खरवडले जाते, हे एंगेल्स यांचे म्हणणे उचलून धरणारे निष्कर्ष निघाले. जर्मनीत शिक्षण घेतलेले ली ई-ची हे १९३३ साली स्थापन झालेल्या ह्वांग-हो आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. चिनी परंपरा आणि नवे प्रयोगशास्त्र यांचा मेळ घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परंतु १९३८ साली जपानी सैन्य अडविण्यासाठी चिनी सरकारनेच ह्वा-युआन-खोउ येथे बांध फोडला. लाखो माणसे प्राणास मुकली, आणि १९४७ पर्यंत नदी दक्षिणेस वाहत राहिली.

१९४९ नंतर नव्या राजवटीने रुंद पात्र व मजबूत बांध हे धोरण स्वीकारले. होनान प्रांतात दोन बांधांमधील अंतर काही ठिकाणी वीस किलोमीटरांपर्यंत आहे. म्हणजे छी आणि चाओ यांच्या बांधांमधील अंतराइतकेच. जुलै १९५८ मध्ये ह्वा-युआन-खोउ येथे दर सेकंदास २२,३०० घनमीटर एवढा विसर्ग मोजला गेला. पाणी पूरमैदानावर पसरले, बांधांवर लाखो लोक रात्रंदिवस राबले, आणि मुख्य बांध फुटले नाहीत. रुंद पात्राच्या उपयुक्ततेचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

त्याच वर्षी या पुराव्याविरुद्ध काम सुरू झाले होते. सान-मन-श्या येथे मोठे धरण उभे राहत होते आणि यापुढे मोठे पूर येणार नाहीत, अशी समजूत पसरली होती. पूरमैदानातील गावांनी पिके वाचविण्यासाठी मुख्य पात्रालगत लहान बांध घातले. त्यांचे अधिकृत नाव ‘शंग-छान-ती’, म्हणजे ‘उत्पादन-बांध’. धरणात अल्पावधीतच गाळ भरू लागला व ते चालविण्याची पद्धत बदलावी लागली; पण उत्पादन-बांध राहिले. १९७४ साली ते काढून टाकण्याचा आदेश निघाला. मोबदल्यात काही सवलती देऊन, गावांसाठी मातीचे उंचवटे बांधावेत आणि पावसाळ्याचे पीक गेले तरी गव्हाच्या एका पिकावर वर्ष काढता यावे, असे धोरण ठरले. तरीही उत्पादन-बांध पूर्णतः नाहीसे झाले नाहीत.

परिणाम गाळाने नोंदविला. नेहमीचे पाणी उत्पादन-बांधांच्या आत राहिल्याने गाळ मुख्य पात्रात व त्याच्या लगतच साचला. मुख्य बांधाकडील पूरमैदान सखल राहिले. टांगलेल्या नदीच्या आत दुसरी टांगलेली नदी तयार झाली. ऑगस्ट १९९६ मध्ये ह्वा-युआन-खोउ येथे केवळ ७,८६० घनमीटर विसर्ग असताना पाण्याची पातळी १९५८ च्या महापुराहूनही ०.९१ मीटर अधिक चढली. जेमतेम एक तृतीयांश पाणी, आणि पातळी जवळजवळ एक मीटर वर, हा चार दशकांच्या आवळण्याचा हिशेब होय. पुढे श्याओ-लांग-ती धरण झाले. २००२ पासून त्यातून ठराविक वेळी मोठा विसर्ग सोडून तळ खरवडण्यात येऊ लागला. पठारावरील धूपही पुष्कळ घटली आहे. पूरमैदानात मात्र लक्षावधी लोकांची वस्ती होती, आणि २०१७ नंतर होनान व शांतुंग या प्रांतांत तेथील गावे हलविण्याच्या मोठ्या योजना हाती घ्याव्या लागल्या. चिया रांगच्या पहिल्या उपायाचा हा अंशतः, आणि फार उशिरा, झालेला स्वीकार म्हणता येईल.

७

ह्वांग-होच्या बांधांचा भारताशीही संबंध आला आहे. बिहारमधील कोसी ही अशीच गाळाने भरलेली व मार्ग बदलणारी नदी. १९३७ साली पाटणा येथे भरलेल्या पूरपरिषदेत बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी बांधांच्या धोरणास विरोध केला होता. १९५४ साली कंवर सेन व डॉ. के. एल. राव हे दोन ज्येष्ठ अभियंते चीनला जाऊन आले. ह्वांग-होवरील बांधांचा त्यांनी दिलेला अनुकूल अभिप्राय कोसीच्या बांधांच्या समर्थनार्थ पुढे करण्यात आला. जानेवारी १९५५ मध्ये कामास आरंभ झाला. चीनमधून बांधांचा दाखला आला. दोन बांधांमध्ये सापडलेल्या गावांच्या शतकानुशतकांच्या अनुभवाचा दाखला मात्र त्याबरोबर आला नाही. कोसीच्या दोन बांधांमध्ये तीनशेहून अधिक गावे राहिली. त्यांतील कुटुंबांना बांधापलीकडे घरासाठी जागा देऊ केल्या गेल्या, पण शेते बांधांच्या आतच होती. पुष्कळ लोक शेतांकडे परतले. पात्रात गाळ साचत गेला आणि बांध अनेकदा फुटला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे तो फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकहूनही कमी पाणी होते. योजना मात्र नऊ लाखांहून अधिक क्युसेकसाठी आखलेली होती.

येथे एका भाषिक बाबीची नोंद केली पाहिजे. नदी आणि बांध यांमधील जमिनीस ‘आतली’ म्हणावयाचे की ‘बाहेरची’, याबाबत भाषाभाषांत फरक आहे. कोसीकाठी ‘तटबंध के भीतर’ म्हणजे नदीच्या बाजूस. डच भाषेत नेमके उलट : ‘बौटनडाइक्स’, म्हणजे ‘बांधाबाहेरचे’, हा शब्द नदीकडील जमिनीसाठी आहे. जपानी परिभाषेतही नदीकडील जमीन ‘तेइगाइ-ची’, बांधाबाहेरची, आणि रक्षित जमीन ‘तेइनाइ-ची’, बांधाआतली. याचे कारण इतिहासात शोधता येते. नेदरलंड्समध्ये व जपानच्या ‘वाजू’ प्रदेशात गावांनी स्वतःभोवती वर्तुळाकार बांध घातले. म्हणून गाव आत, नदी बाहेर. कोसीवर सरकारने नदीला दोन बाजूंनी कोंडले; म्हणून नदी आत, आणि तिच्याबरोबर तीनशे गावेही आत. कोण कोणास वेढतो, हे शब्दातच नोंदले गेले आहे.

८

बांध प्रत्यक्ष मागे नेण्याचे पद्धतशीर काम अलीकडे झाले ते मुख्यतः युरोपात. नेदरलंड्समध्ये १९८६ साली ‘करकोचा’ या नावाची एक योजना पुढे आली. पूर्वी नदीकाठच्या रानांत राहणाऱ्या काळ्या करकोच्यावरून हे नाव दिले होते. पूरमैदानातील शेती बांधापलीकडे न्यावी आणि मैदानात उपप्रवाह, दलदल व नदीकाठची वने पुन्हा वाढू द्यावीत, असा तिचा आशय होता. १९९३ व १९९५ साली ऱ्हाइन व मास या नद्यांना मोठे पूर आले. दुसऱ्या खेपेस सुमारे अडीच लाख लोक हलवावे लागले. तेव्हा बांध आणखी उंचविण्याऐवजी नदीस जागा देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले, आणि तीसहून अधिक ठिकाणी कामे झाली. नायमेखेन शहरासमोर, लेन्ट येथे, वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेऊन नवा उपप्रवाह खोदण्यात आला. त्यासाठी सुमारे पन्नास घरे पाडावी लागली. ओव्हरडीप या पोल्डरात बांध खाली आणून जमीन पुरास मोकळी केली गेली. तेथील शेतकऱ्यांनी स्वतःच उंचवट्यांवर नवी घरे बांधून राहण्याची योजना मांडली व ती मान्य झाली. जर्मनीत एल्ब नदीवर लेन्त्सन येथे, नावाडी ज्या धोक्याच्या वळणास ‘वाईट जागा’ म्हणत त्या भागात, जुना बांध सहा ठिकाणी उघडून सुमारे ४२० हेक्टर जमीन नदीस परत देण्यात आली व तेथे पूरमैदानी वन लावले गेले.

या उदाहरणांवरून ह्वांग-होविषयी घाईने अनुमान काढणे योग्य होणार नाही. ऱ्हाइनचा गाळ ह्वांग-होच्या मानाने अत्यल्प आहे. गाळाने भरलेल्या नदीचे बांध एकाएकी दूर नेले, तर त्या रुंद टप्प्यात वेग मंदावून गाळ बसेल, हा पान ची-श्युनचा इशारा आजही खरा आहे. मधल्या पात्राची व्यवस्था न करता केवळ अंतर वाढविणे पुरेसे नाही, हे एंगेल्स यांनीही सांगितले होते. तथापि एका बाबतीत दोन्ही नद्यांचा अनुभव सारखा आहे. होनानमधील १९७४ चे उंचवटे आणि ओव्हरडीपमधील उंचवटे यांत स्थापत्याचा फरक थोडा आहे. फरक आहे तो इतकाच, की एका ठिकाणी ते कायमच्या वस्तीसाठी मागाहून केलेली सोय होते, आणि दुसऱ्या ठिकाणी जमीन नदीस देण्यापूर्वी रहिवाशांशी केलेला करार होता.

९

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा सांगता येईल. बांध दूर असावा की जवळ, हा वाद वरकरणी वेग आणि गाळ यांचा आहे. आणि त्या बाजूने दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु अंतर किती ठेवावे हे शास्त्राने ठरविले, तरी ते किती काळ टिकेल हे मधल्या जमिनीच्या व्यवस्थेवर ठरते. छी राज्याचे २५ ली, पान ची-श्युनचे दूरबांध आणि १९५० नंतरचे रुंद पात्र ही तीनही अंतरे कागदावर पुरेशी होती. ती आतून कमी होत गेली, कारण मधल्या मळईवर कोणी राहावे, काय पेरावे आणि बुडाल्यास भरपाई कोणी करावी, याचा निर्णय कोणी केला नाही. तो पोटाच्या गरजेने केला. मराठी शेतकरी शेजाऱ्याची जमीन हळूहळू आपल्या शेतात ओढण्याच्या कृत्यास ‘बांध कोरणे’ म्हणतो. ह्वांग-होच्या काठी हे कोरणे लोभापेक्षा उपासमारीतून अधिक झाले, आणि म्हणूनच केवळ मनाई-हुकमाने ते थांबले नाही.

चिया रांगच्या निवेदनातील सर्वांत टिकाऊ भाग यामुळे त्याच्या पहिल्या उपायाहूनही त्या उपायासोबत दिलेला हिशेब हा ठरतो. नदीस जागा द्यावयाची असेल, तर जे ती जागा सोडतात त्यांच्या चरितार्थाचा खर्च बांधाच्या खर्चातच धरला पाहिजे, हे त्याने प्रथम सांगितले. तो खर्च ज्यांनी आधी धरला त्यांचे मागे नेलेले बांध आज मागे उभे आहेत. इतरत्र तो खर्च पुरांनी, अनेकपटीने, वसूल केला आहे.